पुण्याच्या आवारातला अशोक

पुण्यातल्या कोणत्याही गृहरचना संस्थेच्या आवारात कुंपणभिंतीला लागून एका ओळीत उभी असलेली ती उंच, निमुळती, खाली झुकलेल्या पानांची झाडे कोणती, असे विचारले तर दहातले नऊ जण ‘अशोक’ असे उत्तर देतील. साहित्याच्या विद्यार्थ्याच्या मनात कालिदासाचा अशोकही याच रूपात उभा राहतो. एका नावामागे दोन झाडे कशी आली आणि त्यात खरे झाड कसे बाजूला पडले, हा आमच्या मते शहराच्या इतिहासाचाही एक छोटासा भाग आहे.

‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात झोपाळ्यावरून पडून राणी धारिणीचा पाय दुखावतो आणि अशोकाला लत्ताप्रहार करण्याचे काम मालविकेकडे येते. बकुलावलिका तिच्या पावलाला अळिता लावते. हे झाड ‘तपनीयाशोक’, म्हणजे सोन्यासारखा अशोक. ‘मेघदूता’त मात्र तो ‘रक्ताशोक’ होतो. टीकाकारांनी हे दोन निराळे प्रकार मानावेत हे स्वाभाविक आहे. पण ज्याने खरा अशोक फुललेला पाहिला आहे त्याला त्याची गरज वाटणार नाही. त्याची फुले उमलताना केशरी-पिवळी असतात आणि दिवसागणिक लाल होत जातात. एकाच झुबक्यात सोने आणि अळिता दोन्ही सापडतात. आवारातल्या उंच झाडाला येणारी फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी, पानांत लपणारी. त्यांच्यासाठी कोणत्याही नाटककाराने अंक खर्ची घातला नसता.

ओळख पटवायला फुलांची वाट पाहण्याचेही कारण नाही. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते: एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ, चिंधीसारखी लोंबणारी. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. रंग असतो तो निदलाला. दुसऱ्याचे पान साधे, लांब, भाल्यासारखे, कडा लाटांसारख्या. त्याची जांभळट-काळी फळे वटवाघळे आवडीने खातात. हा आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. अशोक मात्र शेंगा धरणारा, चिंच-आपट्याच्या गोतातला.

खऱ्या झाडाला आता ‘सीता अशोक’ असे विशेषण लावून ओळखावे लागते. गंमत अशी की वाल्मीकींच्या सुंदरकांडात अशोकवनातली सीता बसलेली आहे ती शिंशपेखाली.

शास्त्रीय नावाचा प्रवासही साहित्याच्या वाटेवरूनच झालेला आहे. १७८९ साली ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम जोन्सने आपल्या वनस्पतिविषयक टिपणांत अशोकाची दखल घेतली होती. त्याच्या सन्मानार्थ रॉक्सबर्गने या वृक्षाला ‘जोनेसिया असोका’ असे नाव दिले. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने लिनियसचे ‘सराका’ टिकले आणि जोन्स गळाला. ‘असोका’ मात्र उरला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे (पुढच्या काळातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे) प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली, ती अशा ओळखीसाठी आजही उघडावी लागते.

कोकण आणि सह्याद्रीच्या ओलसर सावलीत वाढणारा हा वृक्ष कोरड्या पुण्यात आपोआप उगवणारा नव्हे; तो लावावा आणि जपावा लागतो. आणि लावणाऱ्याच्या गरजा बदलल्या. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, सारसबाग ही नावे बागांच्या शहराची साक्ष देतात. वाड्याच्या परसात झाड असे ते पूजेच्या, स्वयंपाकाच्या किंवा औषधाच्या कामाचे. पत्री खुडणाऱ्या हाताला झाड ओळखावेच लागे. चैत्र शुद्ध अष्टमीला, अशोकाष्टमीला, आठ कळ्या प्राशन करायच्या तर कळी कुठली हे ठाऊक हवे. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे वाडे गेले, वस्ती पसरली, पुढे सदनिकांचे युग आले. इमारत आणि भिंत यांच्यामध्ये उरलेल्या हातभर पट्टीत मावेल, आडवे पसरणार नाही, लवकर उंच होईल असे झाड हवे होते. आसुपालवाचा निमुळता प्रकार तिथे चपखल बसला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. नाव तेवढे उसने होते.

नावाची ही उसनवारी निरुपद्रवी नाही. अशोकारिष्टासाठी लागणाऱ्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, आणि खरा अशोक निसर्गात इतका विरळ झाला आहे की संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने वाटणारे आपण, याचे नवल ते काय!

घराच्या बागेतही चुकीच्या ओळखीची किंमत झाड मोजते. आसुपालव ऊन, धूर, वारा सोसतो. खऱ्या अशोकाच्या रोपाची पाने पुण्याच्या वैशाखात कडांनी करपतात. त्याला पहिली काही वर्षे अर्धी सावली हवी, निचरा होणारी पण ओल धरणारी माती हवी. गळलेला पाचोळा झाडून न टाकता आळ्यातच राहू द्यावा. खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवू नयेत. हे तर दोन्ही झाडांसाठी. छाटणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशोकाची फुले जुन्या फांद्यांवर आणि प्रत्यक्ष खोडावरही येतात. ‘नीटनेटके’ करण्याच्या उत्साहात जुन्या फांद्या उतरवल्या की पुढचा वसंत गेलाच. आसुपालवाचा शेंडा उडवला तर त्याचा सुळका जाऊन फुटव्यांचा गुंता उरतो. शिवाय १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आवार खाजगी असले तरी वृक्षतोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे माळ्याला सांगणारे कुणीतरी असावे.

रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितल्यास बहुधा आसुपालवच हाती येईल. तेव्हा संयुक्त पान पाहूनच रोप घ्यावे. बियांपासून वाढवायचे तर पावसाळ्याच्या सुमारास पिकलेली शेंग उघडून बी ताजेच पेरावे. पुढच्या वर्षासाठी डबीत जपून ठेवलेले बी सहसा रुजत नाही.