दिनविशेष : १४ ऑगस्ट – चाकणचा बुरूज उडाला

१६६० : मोगल सरदार शाइस्ताखानाच्या फौजेने आजच्या दिवशी चाकणच्या संग्रामदुर्गाचा ईशान्येकडचा बुरूज सुरुंगाने उडवला. किल्ला डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा भुईकोट. आधार काय तो खंदकाचा. तरी ऐन पावसाळ्यात शिवरायांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने झुंजवला. किल्ला तोफांना दाद देईना, म्हणून मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासली. भगदाड पडूनही लढाई चाललीच. किल्ला हाती आला दुसऱ्या दिवशी. मोगलांनी देऊ केलेली चाकरी मात्र फिरंगोजींनी नाकारली! मोगलांनी चाकणचे नाव ‘इस्लामाबाद’ ठेवले. ते काही टिकले नाही. आज मोटार कारखान्यांच्या गर्दीत किल्ल्याची मोडकी तटबंदी उरली आहे.