गावांच्या नावांत शेतीच्या खुणा

गावाचे नाव आपण पत्त्यापुरते वापरतो. पण त्यात जुन्या शेतीची माहिती साठलेली असू शकते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली काही नावे या दृष्टीने पाहू.

डहाणूतील रानशेत या नावात रान मोडून केलेल्या शेताची आठवण असावी. तलासरीतील बोरमाळमधला 'माळ' म्हणजे पाणी न धरणारी उघडी जमीन. इकडे अशा वरकस जमिनीवर नागली व वरई पिकत आली; भात खालच्या खाचरांत. 'वारली' हे नावही 'वरल' म्हणजे जमिनीचा तुकडा यावरून आले, असे काही अभ्यासक मानतात. किनाऱ्यावरच्या आगर गावाच्या नावाचे दोन अर्थ होतात: मिठागर किंवा नारळीची बाग. कोणता घ्यावा, हे तिथली जमीन पाहूनच ठरवायला हवे.

नावांत काय नाही, हेही बोलके असते. चिंचणीत चिंच आहे, आंबेसरीत आंबा आहे. पण २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू गावांच्या नावांत दिसत नाही. हे झाड मूळ मध्य अमेरिकेतले. ते येथे आले, तेव्हा गावांची नावे पडून गेली होती.

मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबू नये. 'डहाणू' हे 'धेनू'वरून आले असे सांगतात. पण नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखात 'दाहानुका' हे नदीचे नाव आहे. त्याच लेखात नानंगोल गावातील ३२ हजार नारळाच्या झाडांच्या दानाची नोंद आहे. नानंगोल म्हणजे तलासरीपलीकडचे, गुजरातमधील नारगोळ, असे अभ्यासक मानतात. चिंचणीला सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटातही मठिकेला गाव आणि शेतजमीन दिल्याची नोंद आहे. सर्वांत जुने रूप शोधून मगच अर्थ लावावा, तो यासाठी.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये 'त्रे' म्हणजे शेतवस्ती, 'हेन्द्रा' म्हणजे जुनी मूळ वस्ती, अशा शब्दांवरून मध्ययुगीन शेती शोधली जाते. पण तिथली कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस रोजच्या बोलण्यातून गेली. तिचे पुनरुज्जीवन झाले, तरी जुन्या नावांचा अर्थ कागदपत्रांतूनच लावावा लागतो. आपल्याकडे वारली बोलणारी माणसे शेजारी आहेत.

ही सोय कायम राहील असे नाही. महसुली यादीत गाव असते, त्यातले सगळे पाडे नसतात. शेतांची आणि बांधांची नावे तर फक्त बोलण्यातच टिकतात. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. अशा कामांनी जमिनीचा वापर बदलला, की ती नावे घेण्याचे कारणही उरत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, विद्यार्थ्यांनी आपल्या पाड्यातील प्रत्येक शेताचे नाव वृद्धांच्या तोंडी असेल तसेच लिहून घ्यावे. शेजारी जमिनीचा प्रकार, पूर्वीचे पीक आणि आजचे पीक नोंदवावे. अर्थ सांगण्याची घाई नको. आज नीट लिहिलेले नाव उद्याच्या अभ्यासकाला पुरावा म्हणून उपयोगी पडेल.