पूर्व जर्मनीतील शासनपुरस्कृत उत्तेजकसेवन आणि क्रीडा प्रशासनातील सचोटीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रीडा हे केवळ मनोरंजनाचे वा शारीरिक शिक्षणाचे क्षेत्र उरले नाही. शीतयुद्धाच्या काळात ऑलिंपिकमधील पदकतालिका ही राष्ट्राच्या सामर्थ्याची मोजपट्टी मानली जाऊ लागली. या स्पर्धेतून उत्तेजक द्रव्यांचा वापर वाढीस लागला व त्याला आळा घालण्यासाठी चाचणीची व्यवस्था उभी राहिली. उत्तेजकसेवनाचा विचार करताना सामान्यतः दोषी खेळाडूचे नाव चर्चेत येते. परंतु ज्या संस्थांनी हा गैरप्रकार रोखावयाचा, त्यांच्या भूमिकेची चिकित्सा तुलनेने कमी होते. जर्मन लोकशाही प्रजासत्ताक अर्थात पूर्व जर्मनीचा इतिहास या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तेथे उत्तेजकांची चाचणी करणारी प्रयोगशाळाच गैरप्रकार लपविण्याचे साधन बनली. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा आढावा घेऊन, चाचणी करणारी संस्था कोणाच्या अधीन असावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कचा सायकलपटू क्नुड एनमार्क येन्सेन याचा शर्यतीदरम्यान कोसळून मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी पुढे मतभेद झाले. तथापि या घटनेने उत्तेजकांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९६७ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन याचा माँ व्हाँतू पर्वतावर मृत्यू झाला व त्याने ॲम्फेटामिन घेतल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वैद्यकीय आयोग कार्यरत करून निषिद्ध द्रव्यांची यादी तयार केली. १९६८ च्या ग्रनोबल व मेक्सिको येथील ऑलिंपिकपासून चाचण्या सुरू झाल्या. ॲनाबॉलिक स्टिरॉइडचा समावेश मात्र या यादीत १९७५ मध्ये झाला आणि त्यांची ऑलिंपिकमधील पहिली चाचणी १९७६ साली माँट्रियल येथे घेण्यात आली.

पूर्व जर्मनीच्या क्रीडाधोरणाचे मूळ तिच्या राजनैतिक स्थितीत आढळते. पश्चिम जर्मनीने तिच्या मान्यतेला दीर्घकाळ विरोध केला होता. १९५६ ते १९६४ या काळात दोन्ही जर्मनींना ऑलिंपिकमध्ये संयुक्त संघ पाठवावा लागला. १९६८ मध्ये स्वतंत्र संघ उतरला, पण ध्वज व गीत सामाईकच होते. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या ध्वजाखाली व राष्ट्रगीतासह पूर्व जर्मनी प्रथम उतरली ती १९७२ मध्ये, तीही पश्चिम जर्मनीतील म्युनिक शहरात. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व तिला त्यानंतर, म्हणजे १९७३ मध्ये मिळाले. ज्या राष्ट्राला जगाने अद्याप पूर्णपणे स्वीकारले नव्हते, त्याच्यासाठी विजयमंच हाच एक प्रकारचा दूतावास होता.

या उद्दिष्टासाठी एक शिस्तबद्ध व्यवस्था निर्माण करण्यात आली. १९६५ पासून बालक व युवकांच्या स्पार्टाकियाड स्पर्धा भरविल्या जाऊ लागल्या. १९६९ च्या निर्णयान्वये ज्या खेळांत अधिक पदके मिळू शकतात, त्यांनाच प्राधान्याने निधी देण्यात आला. बास्केटबॉल, हॉकी यांसारखे सांघिक खेळ मागे पडले. १९७३ पासून शालेय मुलांची एकसमान निकषांवर निवड करून त्यांना क्रीडाशाळांत पाठविण्यात येऊ लागले. पूर्व जर्मनीच्या यशात या नियोजनाचा वाटा मोठा होता, हे मान्य करावयास हवे. सर्व यश केवळ औषधांचे होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु याच कार्यक्षम यंत्रणेमुळे औषधांचा वापरही तितक्याच कार्यक्षमतेने होऊ शकला.

राज्य योजना १४.२५

१९७४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या पातळीवर उत्तेजकांच्या वापराचे केंद्रीकरण करण्यात आले. ‘राज्य योजना विषय १४.२५’ या निरुपद्रवी नावाखाली हे कार्य गुप्तपणे चालले. जिम्नॅस्टिक्स व क्रीडा महासंघाचे अध्यक्ष मानफ्रेड एव्हाल्ड हे क्रीडाव्यवस्थेचे सूत्रधार होते, तर क्रीडा वैद्यकीय सेवेचे उपप्रमुख डॉ. मानफ्रेड हॉप्नर यांच्याकडे योजनेची वैद्यकीय बाजू होती. येना येथील येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणारे ‘ओरल-ट्युरिनाबोल’ हे स्टिरॉइड प्रामुख्याने वापरले जाई. लायपझिग येथील संशोधन संस्थेत मात्रा व परिणाम यांचा अभ्यास होई व त्यावरील प्रबंध गोपनीय ठेवले जात. सरकारी कागदपत्रांत या द्रव्यांचा उल्लेख ‘साहाय्यक साधने’ असा केला जाई.

सुमारे दहा हजार खेळाडूंना ही द्रव्ये देण्यात आली, असा अंदाज आहे. त्यांत अल्पवयीन मुलींचे प्रमाण लक्षणीय होते. अनेकींना त्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून देण्यात आल्या. पालकांनाही विश्वासात घेतले गेले नाही. आवाज घोगरा होणे, अंगावर केस वाढणे, मासिक पाळीतील अनियमितता, यकृताचे विकार हे दुष्परिणाम डॉक्टरांना ज्ञात होते, याची नोंद त्यांच्याच अहवालांत आढळते.

योजनेचा परिणाम जलतरणात ठळकपणे दिसून येतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. चार वर्षांनी माँट्रियल येथे त्यांनी १३ पैकी ११ शर्यती जिंकल्या. सुमारे पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या या देशाने तेथे एकूण ४० सुवर्णपदके मिळवून अमेरिकेला मागे टाकले. अमेरिकेची जलतरणपटू शर्ली बाबाशॉफ हिला माँट्रियल येथे चार रौप्य व सांघिक शर्यतीत एक सुवर्ण मिळाले. तिने प्रतिस्पर्ध्यांविषयी उघडपणे शंका व्यक्त केली, तेव्हा तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला रडकी व अखिलाडू ठरविले. तिची शंका योग्य होती, हे सिद्ध होण्यास पुढे जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

तपासणी यंत्रणेचा विपर्यास

१९७७ मध्ये हेलसिंकी येथील युरोपीय चषक स्पर्धेत पूर्व जर्मनीची गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक उत्तेजक चाचणीत दोषी आढळली. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. या प्रसंगातून पूर्व जर्मनीच्या अधिकाऱ्यांनी जो धडा घेतला, तो चाचणीव्यवस्थेच्या प्रवर्तकांना अपेक्षित नव्हता. वापर थांबविण्याऐवजी त्यांनी परदेशी जाणाऱ्या खेळाडूंची आधी मायदेशातच चाचणी घेण्याची पद्धत काटेकोर केली. ड्रेस्डेनजवळील क्रायशा येथील प्रयोगशाळेत हे काम होई. ज्याच्या नमुन्यात द्रव्याचे अंश आढळत, त्याला दुखापत वा आजाराचे निमित्त सांगून स्पर्धेतून वगळले जाई. कोणते औषध स्पर्धेच्या किती दिवस आधी बंद करावयाचे, याचे गणितही या चाचण्यांच्या आधारे बसविले गेले.

क्रायशा येथील प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा होती, ही बाब येथे निर्णायक ठरते. तेथील उपकरणे वा शास्त्रज्ञ निकृष्ट नव्हते. उलट त्यांच्या अचूकतेवरच फसवणुकीचे यश अवलंबून होते. चाचणी तंत्रदृष्ट्या निर्दोष असूनही, तिचा निकाल प्रथम कोणाच्या हाती पडतो यावर तिचा अर्थ ठरत होता. ऑलिंपिक समितीची मान्यता तांत्रिक क्षमतेपुरती होती. संस्थात्मक स्वातंत्र्याची कसोटी तीत नव्हती.

कागदपत्रे आणि न्यायनिवाडा

बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९ मध्ये कोसळली. त्यानंतर जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके यांनी १९९० मध्ये बाड झारो येथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून गोपनीय प्रबंध व अहवाल मिळविले. त्यांच्या पत्नी व माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी १९९१ मध्ये या कागदपत्रांवर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे श्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेची दप्तरे होत. डॉ. हॉप्नर हे ‘टेक्निक’ या सांकेतिक नावाने तिचे खबरी होते व त्यांनी वर्षानुवर्षे योजनेचे तपशील कळविले होते. नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्या राज्ययंत्रणेने अशा रीतीने स्वतःविरुद्धचा पुरावा जतन करून ठेवला.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने या कागदपत्रांविषयी सावधगिरी आवश्यक आहे. खबऱ्याचे अहवाल स्वतःचे महत्त्व वाढविण्याच्या हेतूनेही लिहिले जातात. परंतु श्टाझीची दप्तरे, वैज्ञानिक प्रबंध व खेळाडूंच्या साक्षी ही तीन स्वतंत्र साधने परस्परांना दुजोरा देतात. त्यामुळे घटनेच्या मूळ स्वरूपाविषयी शंका उरत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये खटले चालले. मुदतीच्या कायद्यानुसार ऑक्टोबर २००० नंतर असे गुन्हे चालविता येणार नव्हते. जुलै २००० मध्ये एव्हाल्ड यांना २२ महिन्यांची व हॉप्नर यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. २० महिला खेळाडूंच्या शारीरिक इजेस साहाय्य केल्याचा दोष त्यांच्यावर सिद्ध झाला. दोन्ही शिक्षा स्थगित स्वरूपाच्या असल्याने दोघांपैकी कोणीही तुरुंगात गेले नाही. १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपविजेती ठरलेली हायडी क्रीगर ही पुढे लिंगबदलानंतर आंद्रेआस क्रीगर झाली. क्रीगर यांनी या खटल्यात साक्ष दिली. जर्मन संसदेने २००२ व २०१६ मध्ये पीडितांच्या साहाय्यासाठी कायदे केले. दुसऱ्या कायद्यान्वये प्रत्येक पात्र व्यक्तीस १०,५०० युरो देण्याची तरतूद होती. ऑलिंपिकची पदकतालिका मात्र बदलली नाही.

हा दोष एकाच राजवटीचा होता असे मानणेही एकांगी ठरेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन संशोधन अहवालाने पश्चिम जर्मनीतही उत्तेजकांचा वापर होत होता व संबंधित संशोधनासाठी सार्वजनिक निधी खर्च झाला होता, हे दाखवून दिले. कॅनडात, बेन जॉन्सन १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोषी आढळल्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती डबिन यांच्या चौकशीतही क्रीडासंघटनांची उदासीनता उघड झाली. पूर्व जर्मनीचे वेगळेपण गैरप्रकाराच्या अस्तित्वात नसून त्याच्या शासकीय व्याप्तीत आहे.

स्वतंत्र संस्थेची निर्मिती आणि तिच्या मर्यादा

१९९८ च्या तूर द फ्रान्समधील फेस्टिना प्रकरण क्रीडासंघटनांच्या चाचण्यांतून उघड झाले नाही. सीमेवरील जकात अधिकाऱ्यांनी मोटारीची झडती घेतल्यामुळे ते समोर आले. या धक्क्यानंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये लोझान येथे परिषद झाली व १० नोव्हेंबर १९९९ रोजी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा) स्थापन झाली. २००४ पासून जागतिक संहिता लागू झाली. २००५ मध्ये युनेस्कोने आंतरराष्ट्रीय करार संमत केला. वाडाचा कारभार व निधी यांत ऑलिंपिक चळवळ आणि सरकारे यांचा समान वाटा ठेवण्यात आला. ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची, तेच संस्थेच्या कारभारात सहभागी, हा अंतर्विरोध या रचनेत आरंभापासूनच होता.

रशियाच्या प्रकरणात त्याचा प्रत्यय आला. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवरील वृत्तपटाने रशियन ॲथलेटिक्समधील गैरप्रकार उघड केले. त्यामागे युलिया स्तेपानोवा ही धावपटू व तिचे पती विताली स्तेपानोव्ह यांचे धैर्य होते. मॉस्को प्रयोगशाळेचे माजी संचालक ग्रिगोरी रोद्चेन्कोव्ह यांनी २०१६ मध्ये सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये भिंतीतील छिद्रातून रात्री नमुन्यांची अदलाबदल झाल्याचे सांगितले. रिचर्ड मॅक्लॅरेन यांच्या त्याच वर्षीच्या अहवालांनुसार ३० हून अधिक खेळांतील एक हजारांहून अधिक खेळाडूंना या व्यवस्थेचा लाभ झाला होता. क्रायशाप्रमाणेच मॉस्कोची प्रयोगशाळाही मान्यताप्राप्त होती. दरम्यान, आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचे माजी अध्यक्ष लामिन दियाक यांना रशियन खेळाडूंची प्रकरणे दडपण्याशी संबंधित भ्रष्टाचाराबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दोषी ठरविले. राष्ट्रीय प्रयोगशाळेवर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटनाही विकाऊ असू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

भारतीय संदर्भातही हा प्रश्न परका नाही. दिल्लीतील राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये प्रयोगशाळाविषयक मानकांच्या त्रुटींमुळे स्थगित केली. ती डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ववत झाली. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा संमत केला. मात्र संस्थेच्या स्वायत्ततेविषयी वाडाने घेतलेल्या आक्षेपांमुळे २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती करण्यात आली. भारतातील परिस्थितीची तुलना पूर्व जर्मनीशी करणे सर्वथा अयोग्य होईल. परंतु देखरेख करणाऱ्या संस्थेचे शासनापासूनचे अंतर हा दोन्हीकडील समान प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, उत्तेजकविरोधी व्यवस्थेचे अपयश प्रामुख्याने तांत्रिक नसून संस्थात्मक आहे. क्रायशा व मॉस्को येथील प्रयोगशाळांत विज्ञान कमी पडले नाही, स्वातंत्र्य कमी पडले. दुसरा, मोठे गैरव्यवहार बहुधा नियमित चाचण्यांतून उघडकीस आले नाहीत. ते अभिलेख, जकात अधिकारी, पत्रकार व आतल्या व्यक्तींच्या साक्षींमुळे समोर आले. म्हणून अशा व्यक्तींचे संरक्षण हा क्रीडा प्रशासनाचा दुय्यम विषय मानता येणार नाही. तिसरा, पदके जिंकण्याची जबाबदारी आणि गैरप्रकार शोधण्याची जबाबदारी एकाच सत्तेकडे असेल, तर दुसरी जबाबदारी पहिलीच्या सेवेत रुजू होते.

पूर्व जर्मनीच्या अनुभवात बळी कोण होते, याचे विस्मरण होऊ नये. नियमभंग त्यांच्या शरीरात घडला, पण निर्णय त्यांचा नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना प्रशिक्षकाने दिलेली गोळी नाकारण्याचे स्वातंत्र्य नव्हते. आजही अल्पवयीन खेळाडू दोषी आढळतो, तेव्हा त्याच्यावर बंदी घालून प्रकरण मिटविले जाण्याचा धोका असतो. ती गोळी कोणी दिली, कोणाच्या आदेशाने दिली आणि कोणाला ते ठाऊक होते, हे प्रश्न बर्लिनच्या न्यायालयात पंचवीस वर्षे उशिरा विचारले गेले. ते वेळेवर विचारू शकेल अशी संस्था उभी करणे, यातच क्रीडा प्रशासनाच्या सचोटीची खरी कसोटी आहे.