साठ मार्कांचा पेपर : आयसीयू आणि अंगातली ताकद

आजचा भाग एका आकड्याचा इतिहास आहे. आकडा आहे ४८.

जानेवारी २०२५ आठवतोय ना? पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे पेशंट सापडायला लागले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींना व्हेंटिलेटर लागला. मी भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा. आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की पुणंच गाठायचं. त्यामुळे गावाकडून फोन आला की एकच प्रश्न : "वाचतो का रे माणूस यातून?" बहुतेक वाचतात. पण वाचल्यावर उठून चालणार कधी, हे फार कोणी विचारत नाही.

१९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी हात-पाय लुळे पडलेल्या दोन सैनिकांची नोंद केली. यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. वायरचं कव्हर गेल्यासारखं होतं, मेंदूचा सिग्नल स्नायूपर्यंत पोचतच नाही.

आता ताकद मोजायची कशी? त्याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धातून आलं. नसांना इजा झालेल्या जखमींसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये शून्य ते पाच अशी मोजपट्टी छापली. ० म्हणजे काहीच हालचाल नाही. ३ म्हणजे हात नुसता वर उचलता येतो, पण कोणी दाबून धरला तर नाही. ५ म्हणजे नॉर्मल. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी जीबीएसच्या पेशंटसाठी याची बेरीज केली. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा, दोन्ही बाजूंचे. बारा पंचे साठ.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. २००२ मध्ये फ्रान्समध्ये हाच साठ मार्कांचा पेपर आयसीयूतल्या इतर पेशंटना दिला गेला. आठवडाभर तरी व्हेंटिलेटरवर राहिलेले ९५ जण. शुद्धीवर येऊन सात दिवस झाले तरी चौघांतला एक ४८ च्या खाली! गंभीर आजार आणि पडून राहणं, दोन्हींनी मिळून अंगातली ताकद ओरबाडून नेली होती.

मग २००९ मध्ये अमेरिकेत १०४ पेशंटवर प्रयोग झाला. गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून, व्हेंटिलेटर चालू असतानाच काही जणांकडून व्यायाम करून घेतला. डिस्चार्जच्या वेळी त्यांच्यातले ५९ टक्के स्वतःचं स्वतः करू शकत होते. ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात ३५ टक्के.

आंबवड्यात झुलता पूल ओलांडून नागेश्वराच्या देवळात जायचं, तर पायात ताकद लागते. फिजिओथेरपिस्ट मात्र राहतो शहरात. म्हणून घरचं कोणी आयसीयूत असेल तर डॉक्टरांना विचारा : ताकद साठपैकी किती? व्यायाम कधी सुरू करायचा? आणि घरी गेल्यावर तो आमच्याकडून कोण करून घेणार? बिल भरण्याआधी हे विचारून घ्या.

भेटू पुढच्या भागात!