अठरा एकर आणि गवत

झीरो-टर्न मोअर म्हणजे जागच्या जागी वळणारं, बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. एक चाक पुढं, दुसरं मागं, की गर्रकन फिरलं! १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ते निघालं, मोठ्या आवारांसाठी. त्याच दशकात महाराष्ट्रानं १९६१चा सीलिंग कायदा केला. २ ऑक्टोबर १९७५पासून बारमाही बागायतीला कुटुंबामागं १८ एकरांची मर्यादा आली. मांडवगण फराट्यात, भीमाकाठच्या उसात, एवढं मोकळं गवत कुठून आणायचं?

तरी व्हिडिओ बघून मला मोह झालाच. आईनं विचारलं, "कापलेलं गवत कुठं जातं?"

"तिथंच पडतं."

"मग गाईला काय घालू?"

बांधावरच्या गवतावर गाय, दुधावर माझी इंजिनिअरिंगची फी. विळ्यानं तिचे गुडघे मात्र गेले. आता खांद्याला अडकवायचं ग्रासकटर बघतोय. त्यानं कापलेली वैरण गोळा तरी करता येते.