झाडाविना शिंदी

मुदखेडहून निघालेली मीटरगेज उमरीला थांबते, तोवर तुमच्या डोळ्यात कोळशाची कणी गेलेली असते. डोळा चोळत फलाटावर उतरा. सन 1947, सप्टेंबर. निजामाच्या कागदावर फसली 1356. खिशात निजामाचं नाणं, हाली शिक्का, आहे का ते चाचपा. गांधीटोपी आणली असेल तर सदऱ्यात सारा. फलाटाच्या टोकाला उभा असलेला जवान तुम्हाला वरून खाली न्याहाळतो. "किदर जारे?"

"पावण्याकडं," म्हणा आणि थांबू नका.

बाजाराकडं जाणारी वाट विचारावी लागत नाही. आधी वास येतो, आंबूस, उन्हात ठेवलेल्या ताकासारखा. मग माशांचा घोंघाट. मग शिंदीखाना दिसतो: कुडाच्या भिंती, मातीचा ओटा, तोंडाला फडकं बांधलेले रांजण. भल्या पहाटे झाडावरून उतरवलेला रस गोड असतो, त्याला नीरा म्हणतात. दिवस वर आला की तो फसफसतो आणि दुपारपर्यंत माणसाला ओट्यावर झोपवतो. भिंतीवर उर्दूत लिहिलेला परवाना लटकतोय. तुम्हाला वाचता येत नसेल, पण ओट्यावर बसलेल्यांतही बहुतेकांना येत नाही, म्हणून संकोच नको.

दरसाल शिंदीखान्यांचा हर्रास होतो. चढी बोली लावणारा मक्ता घेतो, मक्तेदार कलालाला कामाला लावतो. शिंदीच्या झाडांवर सरकारी आकडे घातलेले, झाडागणिक कर. झाड तुमच्या बांधावर उभं असलं तरी ते तोडायची मुभा तुम्हाला नाही. अफू-गांजाची दुकानंही मक्त्याचीच. निजामाच्या तिजोरीत मोठा पैसा येतो तो या आबकारीतून. म्हणजे ओट्यावर कलंडलेला माणूस हा सरकारच्या लेखी गुन्हेगार नाही, गिऱ्हाईक आहे. इंग्रजी मुलखातही फार वेगळं नाही. 1893-94 साली तिथल्या भांग-गांजा आयोगानं 1193 साक्षी काढल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला आणि सांगितलं की सरसकट बंदी नको, कर लावा, परवाने आवळा. सात खंडांनंतरही मक्ता तो मक्ताच.

आता शिंदीखान्याच्या मागं या. नाक धरा. पिणाऱ्यांची मुतारी हीच, उघडी नाली. एक माणूस तिच्या काठावर आडवा पडलाय, पटका सुटून पाण्यात गेलाय. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेली एक बाई खराटा मारत येते. पहाटे घराघरांच्या संडासांतली टोपली डोक्यावर वाहून तिचं एक काम झालेलं आहे. मक्त्याच्या करारात नालीचा उल्लेख नाही, पडलेल्या माणसाचाही नाही. ती त्याच्या पायांपाशी येते, जराशी वळते, त्याच्याभोवतीनं झाडून पुढं जाते. तिनं त्याला हात लावला तर शुद्धीवर आल्यावर तोच विटाळ झाला म्हणून ओरडेल.

अंधार पडू द्या. रात्री तुमच्या हातात कुऱ्हाड येईल. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत, निजामाविरुद्धचा लढा पेटलेला आहे आणि शिंदीची झाडं तोडा हा त्यातलाच एक कार्यक्रम. नशा वाईट म्हणून तोडायची, आणि निजामाच्या गल्ल्याला भोक पाडायचं म्हणूनही. दोन कारणांपैकी कुठलं मोठं, ते कुऱ्हाडीला विचारू नका. खोड भुसभुशीत असतं, घाव खोल जातो, पण तंतू सुटत नाहीत. पातं अडकतं, पाय देऊन उपसावं लागतं. खाली पडलेल्या शेंड्यातलं मडकं फुटतं आणि तो आंबूस वास अंगावर उडतो. कुणीतरी हळूच हसतं. पाठोपाठ सगळे पळतात. चार महिन्यांनी, 30 जानेवारी 1948 ला, याच गावातली बँक स्वातंत्र्यसैनिक लुटतील आणि उमरीचं नाव त्यासाठीच राहील. झाडं तोडणाऱ्यांची आठवण कोण ठेवतो!

पुढची वर्षं भरभर जाऊ देऊ. 1 नोव्हेंबर 1956 ला नांदेड मुंबई राज्यात येतं. त्याच वर्षाच्या 20 डिसेंबरला गाडगेबाबा जातात. दिवसा गावचा उकिरडा झाडायचा आणि रात्री कीर्तनात दारूवर तुटून पडायचं, ही दोन्ही कामं एकाच हातानं करणारा दुसरा माणूस मला तरी दिसत नाही. सरकारात ती कामं दोन कचेऱ्यांची असतात आणि त्या एकमेकींना पत्रंसुद्धा क्वचित लिहितात. मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा मागाहून इकडं लागू होतो. कालचं गिऱ्हाईक एका सकाळी आरोपी होतं. ओटा मोडतो, शिंदी शेतात जाते, नाली जागच्या जागी.

नुसत्या बंदीनं काय होतं ते बघायला इथून एक लांबची उडी मारू, स्टेशनवरूनच स्टेशनवर. झुरिच, 1992. नदीकाठच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत लोक उघड्यावर हेरॉइन टोचून घेतायत, पायाखाली सुया. फेब्रुवारीत पोलीस बाग बंद करतात. माणसं विरघळत नाहीत. ती जवळच्या लेटेन नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात जाऊन बसतात. 1995 साली तेही बंद होतं. फरक पडतो तो कुलपानं कमी आणि दुसऱ्या गोष्टींनी जास्त: डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध, स्वच्छ सुया, आणि छपराखालची अशी खोली की जिथं कुणी बेशुद्ध पडलं तर बघायला नर्स आहे. श्रीमंत देशाचे चोचले म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण बागेतल्या सुया वेचणाऱ्या सफाईवाल्याला विचारा, त्याला हिशेब कळतो.

आता परत उमरी. आजची पहाट, साडेपाच. रूळ ब्रॉडगेजचे. वाट तीच, सिमेंटची झालेली. लांब दांड्याचा झाडू घेतलेल्या मावशीमागून चाला. गावाची नशा तिला कागदाशिवाय पाठ आहे. बाजाराच्या तोंडाशी गुटख्याच्या पुड्या, 2012 पासून महाराष्ट्रात बंदी असलेल्या. शाळेच्या भिंतीमागं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. पलीकडं चुरगळलेलं गोळ्यांचं पाकीट. "बटन म्हन्तेत याला," ती सांगते. "कागद गोळा करनारी पोरं खातेत."

मग प्लास्टिकच्या बाटल्या, तळाशी दुधी पाणी. हुंगा. आंबूस वास नाही.

"शिंदी," मावशी म्हणते.

इकडं आता तेवढी झाडं कुठं राहिली? लागतही नाहीत. पाण्यात क्लोरल हायड्रेट, ज्याला धर्माबाद-बिलोलीच्या पट्ट्यात नुसतं सीएच म्हणतात, थोडी गोडी, थोडा पांढरेपणा, झाली शिंदी. कधी अल्प्राझोलमही घालतात. शेजारी तेलंगणात 2015 साली अशा भेसळीच्या ताडीवर धाडी पडल्या, माल एकाएकी तुटला आणि निझामाबाद, महबूबनगरच्या दवाखान्यांत थरथरणाऱ्या, बरळणाऱ्या माणसांची रीघ लागली. पुरवठा तोडणाऱ्यांनी पिणाऱ्याच्या शरीराशी बोलणी केलेली नव्हती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात कलम 64अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पण त्या उपचारासाठी उमरीच्या माणसानं नांदेड गाठायचं, रोजगार बुडवून, तेही थरथर सुटलेली असताना.

एक गंमत सांगतो, हसू आलं तर बघा. तेव्हा नशा मक्त्यानं जायची. आता बहुतेक नगरपरिषदांत झाडू ठेक्यानं जातो. हर्रासाऐवजी निविदा म्हणतात. कमीत कमी बोलीला गाव झाडून मिळतं, आणि त्या बोलीत सुया, काचा, ओकारी यांचा वेगळा दर नसतो. हातमोजे असतात, ठेकेदाराच्या मनात आलं तर. डोक्यावरची टोपली 1993 आणि 2013 च्या कायद्यांनी गुन्हा ठरली, हे मात्र खरं.

"मोजे कुठंयत, मावशी?"

"फाटले जी. सांगितलंय."

ती थांबते. जुनी नाली होती त्या अंगाला, बंद शटरच्या पायरीशी एक जण पडलाय. विशीतला असेल. चप्पल एकच. तुमचा हात खिशातल्या मोबाइलकडं जातो, पण फोन कुणाला लावायचा हे ठरत नाही. मावशी वाकते. उघड्या हाताची पालथी बाजू त्याच्या नाकापाशी धरते, जरा वेळ तशीच. मग खांद्याला धरून त्याला कुशीवर वळवते, म्हणजे ओकारी आली तर घशात अडकणार नाही. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

"आहे," ती म्हणते.

घंटागाडीचा भोंगा दोन गल्ल्यांपलीकडं वाजतो. ती झाडू उचलते, त्याच्या पायांपाशी जराशी वळते आणि त्याच्याभोवतीनं झाडू लागते.