आयन आणि अयन

सिल्वासात संक्रांतीच्या दिवशी पतंग चढू लागले की आमचे गुजराती शेजारी त्या सणाला ‘उत्तरायण’ म्हणतात. बेडकाच्या अंडपेशीतील विद्युत्प्रवाहांविषयी वाचीत असताना कानी पडलेल्या त्या एका शब्दातील ‘अयना’ने मी विज्ञानातील ‘आयना’च्या कुळाच्या शोधास लागलो.

1971 साली जीवशास्त्रज्ञ गर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या रक्तातील ग्लोबिन या प्रथिनाचा संदेश बेडकाच्या अंडपेशीकडून वाचवून घेतला होता. पुढे 1982 मध्ये बर्नार्ड, मिलेदी व सुमिकावा यांनी टॉर्पेडो या विद्युत्-मत्स्याचा संदेशक आरएनए झेनोपस नामक आफ्रिकी बेडकाच्या, जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या अंडपेशीत टोचला. तिने तो आपल्याच दफ्तरातील कागद असावा तसा वाचून ॲसिटिलकोलीनचे ग्राही घडविले, आणि ते द्रव्य बाहेरून लागताच त्या ग्राहींतील वाट उघडून सोडियमचे आयन आत व पोटॅशियमचे बाहेर जाऊ लागले.

‘जाऊ लागले’ हेच मर्म आहे. 1834 साली फॅरेडेने केंब्रिजच्या ह्यूएलकडून ‘आयन’ हे नाव घेतले, ते ग्रीक भाषेत ‘जाणारे’ या अर्थाचे. आता एक पक्ष म्हणतो की, हा आपल्या ‘अयना’चाच अवतार, दुसरा म्हणतो, ही निव्वळ इंग्रजी उसनवारी. माझ्या मते दोघांचाही दावा अर्धाच कबूल करावा लागतो. मूळ ग्रीक उच्चार ‘इऑन’. त्यातील ‘आय’ हा इंग्रजी जिभेचा संस्कार, म्हणून कानाला जाणवणारे साम्य केवळ योगायोगाचे. नादसाम्याचा दाखला किती कच्चा असतो, हे आमच्या गावाला विचारावे: सिल्वासा हे नाव पोर्तुगीज ‘सिल्वा’ या शब्दावरून आले म्हणावे, तर 1885 साली पोर्तुगीज सरकारनेच ते बाजूस सारून गावाला ‘विला द पासु द आर्कुश’ असे नाव दिले, स्वभाषेतले नाव कोण असे मोडील?

परंतु जे कानाला ऐकू येत नाही, ते नाते मात्र खरे आहे. ग्रीक ‘इऑन’, संस्कृत ‘अयन’ आणि 1954 पर्यंत येथील कचेऱ्यांत वावरलेले पोर्तुगीज ‘ईर’, म्हणजे जाणे, ही तिन्ही एकाच गत्यर्थक ‘इ’ धातूची संतती; त्यातही ‘इऑन’चे सख्खे भावंड ‘अयन’ नव्हे, तर ‘जाणारे’ याच अर्थाचे, त्याच धातूचे नपुंसकलिंगी कृदंत ‘यत्’ होय.

बेडकाच्या अंडपेशीला माशाचा लेख वाचता आला, तो दोघांचे रूप सारखे म्हणून नव्हे, तर जनुकांची लिपी दोघांनाही एकाच पूर्वजाकडून मिळाली म्हणून. ‘आयना’चे आणि ‘अयना’चे नातेही तसेच, नादात नव्हे, धातूत शोधावयाचे.